स्वस्त विमानप्रवास आणि वैमानिकाची झोप

(पक्ष-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विमानप्रवास हा समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गाचा विषय कसा होऊ शकतो, अशी शंका कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. एस.टी.च्या थांब्यावर ताटकळणारा शेतमजूर आणि लोकलच्या दारात लोंबकळणारा कामगार हे ज्यांच्या चिंतेचे विषय, त्यांनी विमानाच्या तिकिटाचा विचार कशासाठी करावा? या शंकेला २०२५ च्या डिसेंबरातील पहिल्या आठवड्याने उत्तर दिले. त्या आठवड्यात इंडिगो या एकाच कंपनीची उड्डाणे धडाधड रद्द होत गेली. ५ डिसेंबर या एका दिवशी रद्द झालेल्या उड्डाणांची संख्या हजाराच्या वर गेली. विमानतळांवर सामानाचे ढीग साचले आणि लोक जमिनीवर झोपले.

हे संकट वादळामुळे ओढवले नव्हते. कोणत्याही कामगार संघटनेने संप पुकारलेला नव्हता. तांत्रिक अडचणी, हवामान, विमानतळांवरील गर्दी अशी कारणे कंपनीने पुढे केली. परंतु मुख्य कारण तिने स्वतःच मान्य केले. वैमानिकांना किती विश्रांती द्यावी यासंबंधीच्या नव्या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला होता आणि त्याला पुरेल एवढ्या मनुष्यबळाचे नियोजन कंपनीने केलेले नव्हते. माणसाला पुरेशी झोप मिळावी एवढ्या साध्या नियमाने देशाची हवाई वाहतूक कोलमडत असेल, तर ती वाहतूक कोणत्या पायावर उभी आहे, हे पाहणे समाजवाद्यांचे कर्तव्यच ठरते.

मक्तेदारीपासून मक्तेदारीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धातून उरलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि आपल्याकडे विमान कंपन्यांचे पीक आले. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५० साली दाखवून दिले की, परवाने गरजेहून अधिक कंपन्यांना दिले गेले होते आणि त्यामुळे बहुतेकांचा धंदा तोट्यात चालला होता. अखेर १९५३ च्या कायद्याने आठ देशांतर्गत कंपन्यांचे मिळून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ झाले आणि परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे गेली. जवळजवळ चार दशके ही व्यवस्था टिकली. तिच्यात सुस्ती होती, भाडे चढे होते आणि विमानात बसणारा वर्ग अत्यल्प होता, हे मान्य केलेच पाहिजे. १९९४ साली तो कायदा रद्द झाला आणि आकाश खासगी भांडवलाला मोकळे झाले. पहिल्या लाटेतील बहुतेक कंपन्या त्याच दशकात बुडाल्या.

स्वस्त विमानसेवेची कल्पना भारतात रुजवली ती एअर डेक्कनने. सैन्यातून निवृत्त झालेले आणि रेशीमशेती करणारे कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली ती सुरू केली. रेल्वेच्या वरच्या वर्गाने जाणाऱ्या माणसाला विमानात बसवायचे, हे तिचे उद्दिष्ट. काही तिकिटे तर एक रुपयालाही विकली गेली. पुढे २००७ मध्ये ती किंगफिशरच्या पंखाखाली गेली आणि २०१२ साली किंगफिशरच जमिनीवर आली. त्या कंपनीला दिलेल्या कर्जापोटी स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांचे सुमारे ९,००० कोटी रुपये व्याजासह थकले. त्या बँकांतील ठेवी कोणाच्या होत्या, हे या सभेत सांगण्याची गरज नाही.

इंडिगोचे पहिले उड्डाण ४ ऑगस्ट २००६ रोजी झाले. तिने २०१२ साली प्रवासीसंख्येत पहिला क्रमांक पटकावला. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली, आणि प्रत्येक स्पर्धकाच्या मृत्यूबरोबर इंडिगोचा वाटा वाढत गेला. डिसेंबरच्या संकटाच्या वेळी देशांतर्गत प्रवाशांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रवासी तिच्या विमानांतून जात होते. ४०० हून अधिक विमाने तिच्या ताफ्यात होती. १९५३ साली राष्ट्रीयीकरणाने जी मक्तेदारी निर्माण केली, ती निदान संसदेला जबाबदार होती. १९९४ नंतर तीस वर्षांच्या खुल्या स्पर्धेतून जी निर्माण झाली, ती केवळ भागधारकांना जबाबदार आहे.

विमान जमिनीवर असेल तर तोटा

ही कंपनी वाढली कशी? सरकारी कृपेने वाढली असे म्हणून हा प्रश्न उडवून लावणे अशास्त्रीय होईल. तिच्या यशामागे एक अर्थशास्त्र आहे आणि कार्यकर्त्यांनी ते समजून घेतले पाहिजे.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील टेक्सास राज्यात झाला. १८ जून १९७१ रोजी साउथवेस्ट या कंपनीने डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांमध्ये सेवा सुरू केली. पुढच्याच वर्षी पैशाच्या टंचाईमुळे तिला चारपैकी एक विमान विकावे लागले. वेळापत्रक मात्र कमी करायचे नव्हते. तेव्हा कर्मचाऱ्यांनी उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उड्डाणाला सज्ज करण्याचा चमत्कार करून दाखवला. स्वस्त विमानसेवेचे सारे शास्त्र या दहा मिनिटांत आहे. विमान आकाशात असते तेव्हाच पैसे मिळवते. जमिनीवर उभ्या विमानाचे भाडे मात्र चालूच राहते. समजा, एक विमान दिवसाला सहा फेऱ्या करते आणि प्रत्येक थांब्यात वीस मिनिटे वाचवली. दोन तास हाती येतात आणि तेवढ्यात सातवी फेरी होते. विमानाचे भाडे तेच, पण ते आता अधिक प्रवाशांवर विभागले जाते.

इंडिगोने ही शिस्त काटेकोरपणे आत्मसात केली. बहुतांश ताफा एकाच जातीच्या विमानांचा, म्हणजे एअरबस ए-३२० च्या कुटुंबातला ठेवला. त्यामुळे वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग, दुरुस्ती हे सारे एकसारखे झाले. जेवण विकत, जादा सामानाला पैसे, सोयीच्या आसनाला पैसे.

दुसरे सूत्र खरेदीचे. एकही विमान उडवण्यापूर्वी, २००५ साली, कंपनीने १०० विमानांची मागणी नोंदवली. पुढे २०११ मध्ये १८०, २०१५ मध्ये २५०, २०१९ मध्ये ३०० आणि २०२३ मध्ये ५००, अशी एकूण १,३३० विमाने तिने एअरबसकडे नोंदवली. एवढ्या घाऊक खरेदीला मोठी सवलत मिळते. मग विमान हाती येताच ते भाडेपट्टी कंपनीला विकायचे आणि तिच्याकडूनच काही वर्षांसाठी भाड्याने घ्यायचे. ठोक भावाने घेतलेल्या वस्तूची विक्री चढ्या भावाने होते, रोकड हाती येते, आणि विमान जुने होऊन मोठ्या दुरुस्तीला येण्याआधी परत करता येते. या पद्धतीने कंपनीचा ताफा सतत नवा आणि इंधनात काटकसरी राहिला. साथीच्या दोन वर्षांत प्रचंड तोटा सोसूनही तिने २०२३-२४ या आर्थिक वर्षात ८,१७२ कोटी आणि २०२४-२५ मध्ये ७,२५८ कोटी रुपये नफा मिळवला.

स्वस्ताईला विरोध नाही

या स्वस्ताईचे समाजवाद्यांनी स्वागतच केले पाहिजे. सामान्य माणसाच्या वाट्याला आराम आला की नाक मुरडणारा समाजवाद हा संन्याशांचा समाजवाद होय. १९७७ ते १९७९ या काळात प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी मऊ गाद्या बसवल्या. पहिला वर्ग खाली खेचण्यापेक्षा दुसरा वर्ग वर उचलणे, हा त्यामागील विचार होता. आखातात मजुरीला जाणारा रत्नागिरीचा तरुण, आईच्या अंत्यदर्शनासाठी गुवाहाटीहून मुंबईला धावणारा जवान, मुंबईच्या कर्करुग्णालयात रुग्णाला आणणारे ईशान्येकडील कुटुंब, यांना विमान परवडू लागले ही प्रगतीच आहे.

तथापि तिचे प्रमाण विसरून चालणार नाही. २०२४ या वर्षात देशांतर्गत विमानप्रवास सुमारे १६ कोटी झाले. त्यात एकाच माणसाचे अनेक प्रवास आले. रेल्वेने वर्षाकाठी सुमारे ७०० कोटी प्रवास होतात. हवाई चप्पल घालणाऱ्याने हवाई जहाजात बसावे, ही घोषणा २०१७ साली मोठ्या गाजावाजाने झाली आणि ‘उडान’ योजना सुरू झाली. महालेखापरीक्षकांनी २०२३ साली तिचा हिशेब मांडला. तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ वरच सेवा सुरू झाली, तीन वर्षांचा सवलतीचा काळ त्यांतील ११२ मार्गांनी पुरा केला, आणि त्यानंतरही तग धरून राहिले ते ५४ मार्ग. छोट्या गावांपर्यंत विमान नेण्याचे काम बाजारपेठ आपण होऊन करीत नाही, आणि अनुदान संपले की विमानही परत जाते, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

स्वस्ताईचा भार कोणावर?

तिकीट स्वस्त होते तेव्हा तो फरक कोठून तरी भरून निघालेला असतो. त्याचे तीन उगम दिसतात. पहिला उगम वर सांगितलेल्या कार्यक्षमतेचा. तो खरा आहे आणि त्यात कोणाचे नुकसान नाही.

दुसरा उगम सार्वजनिक संपत्तीचा. धावपट्ट्या, हवाई वाहतूक नियंत्रण, विमानतळांना लागणारी जमीन ही समाजाची गुंतवणूक आहे. विमानाच्या इंधनावरील मूल्यवर्धित कर महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे परिसरासाठी २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. सोडून दिलेला हा महसूलही तिकिटाच्या किमतीत धरला पाहिजे. जमिनीची कथा तर महाराष्ट्राला नव्याने सांगावी लागू नये. नवी मुंबईसाठी सिडकोने ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व मान्य झाले. २५ डिसेंबर २०२५ रोजी त्याच भूमीवरील नव्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. त्या विमानतळ कंपनीत अदानी समूहाचा वाटा ७४ टक्के आणि सिडकोचा २६ टक्के आहे.

कायद्याचा कल कोणाकडे आहे तेही पाहण्यासारखे आहे. गो फर्स्ट बंद पडली तेव्हा परदेशी भाडेपट्टी कंपन्यांची विमाने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकली. त्यांनी आरडाओरडा केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारने अधिसूचना काढून विमानांना दिवाळखोरी कायद्यातील स्थगितीतून वगळले, आणि २०२५ मध्ये संसदेने विमानांवरील मालकीहक्काच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. विमानाच्या मालकाला आपले विमान झटपट परत मिळावे, याची तजवीज दोन वर्षांत झाली. जेटच्या आणि गो फर्स्टच्या ज्या हजारो कर्मचाऱ्यांची पगारथकबाकी राहिली, त्यांच्यासाठी असा स्वतंत्र कायदा करण्याची घाई कोणाला झाली नाही. जेटचे कर्मचारी वर्षानुवर्षे न्यायाधिकरणांच्या पायऱ्या झिजवीत राहिले, आणि अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विसर्जनाचाच आदेश दिला.

तिसरा उगम श्रमाचा, आणि येथेच प्रश्नाचे मर्म आहे. विमान कंपनीच्या खर्चाकडे बारकाईने पाहावे. इंधनाची किंमत जागतिक बाजार ठरवतो. विमानाचे भाडे डॉलरमध्ये आणि करारबद्ध असते. रुपया घसरला की ते वाढते. मोठ्या विमानतळांचे दर नियामक प्राधिकरण ठरवते. मग व्यवस्थापनाच्या मुठीत उरते काय? माणसे किती ठेवायची, त्यांना पगार किती द्यायचा आणि त्यांच्याकडून किती तास काम घ्यायचे, एवढेच. बाकी सर्व बाजू बंद असल्या की दाब उरलेल्या एकाच बाजूवर येतो. हा कोणा व्यवस्थापकाच्या दुष्टपणाचा प्रश्न नसून या धंद्याच्या रचनेचाच प्रश्न आहे.

२०२० च्या जुलैमध्ये कंपनीने १० टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. २०२२ च्या एप्रिलमध्ये वेतनकपातीविरुद्ध संपाची तयारी करणाऱ्या काही वैमानिकांना निलंबित करण्यात आले. त्याच वर्षी २ जुलै रोजी विमानातील कर्मचारी मोठ्या संख्येने आजारपणाच्या रजेवर गेले आणि निम्म्याहून अधिक उड्डाणांना उशीर झाला. त्यामागोमाग तंत्रज्ञांनी अपुऱ्या पगाराविरुद्ध हाच मार्ग धरला. सामुदायिक वाटाघाटीचा राजमार्ग बंद असला की असंतोष असा आडवाटेने बाहेर पडतो.

झोपेचा इतिहास

वैमानिक हा भरपूर पगार घेणारा माणूस. त्याच्या विश्रांतीसाठी समाजवाद्यांनी का भांडावे, असे कोणी विचारील. २२ मे २०१० ची पहाट त्यांनी आठवावी. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरच्या धावपट्टीवरून दरीत कोसळले आणि १५८ माणसे मेली. उड्डाणाचा बराच काळ मुख्य वैमानिक झोपलेला होता आणि जागा झाल्यावरही त्याच्या निर्णयशक्तीवर झोपेचा अंमल राहिला, असा निष्कर्ष चौकशीतून निघाला. ती कंपनी सरकारी मालकीची होती, हेही लक्षात ठेवावे. केवळ मालकी बदलल्याने थकवा जात नाही. त्यासाठी नियम लागतो आणि तो पाळून घेणारी संघटनाही लागते.

हा लढा नवा नाही. इंजिनचालकांच्या कामाला तासांची मर्यादा असावी यासाठी रेल्वेच्या लोको कर्मचाऱ्यांनी १९७३ साली संप केला आणि दहा तासांच्या मर्यादेचे आश्वासन मिळवले. ते पाळले गेले नाही. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला आणि ज्यात सुमारे १७ लाख रेल्वे-कामगारांचा प्रश्न गुंतला होता, त्याच्या मागण्यांत कामाच्या तासांचा प्रश्न अग्रभागी होता. तो संप निर्दयपणे चिरडला गेला. त्यात बडतर्फ झालेल्यांना दंडवते यांनी मंत्री झाल्यावर पुन्हा कामावर घेतले. इंजिनचालकाच्या आणि वैमानिकाच्या पगारात मोठे अंतर असेल. पण दोघांच्याही हाती शेकडोंचे प्राण असतात, आणि रात्री तीन वाजता दोघांचेही डोळे सारखेच मिटतात.

नव्या नियमांचा प्रवास पाहा. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ते जाहीर केले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, आणि रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर, असे त्यांचे स्वरूप होते. जून २०२४ पासून ते लागू व्हायचे होते. कंपन्यांनी हरकत घेतली आणि ते पुढे ढकलले गेले. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढत होत्या. त्या लढ्यातून १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. म्हणजे कंपनीला तयारीसाठी जवळजवळ दोन वर्षे मिळाली. त्या काळात पुरेशी भरती करण्याऐवजी तिने हिवाळी वेळापत्रकात उड्डाणे वाढवली. वैमानिकांच्या फेडरेशनने भरती रोखून धरल्याचा जाहीर आरोप केला.

संकट कोसळल्यावर सरकारने काय केले? ५ डिसेंबर रोजी त्याच कंपनीला रात्रीच्या कामाच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही, हे कलमही सर्वांसाठीच मागे घेतले. पुढे वेळापत्रकात १० टक्के कपात केली, हे खरे. पण पहिली कुऱ्हाड पडली ती वैमानिकाच्या झोपेवरच. ज्या कंपनीवाचून देशाचे चालत नाही, ती कायद्यालाही अट घालू शकते, हा त्या आठवड्याचा धडा आहे. एकाच कंपनीकडे दोन तृतीयांश प्रवासी असताना सरकारपाशी दुसरा पर्याय उरलेलाच नव्हता. आणि तो उरू नये अशी व्यवस्था सरकारनेच केली होती. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाच्या स्वाधीन झाली; १८,००० कोटींच्या त्या व्यवहारात रोख रक्कम होती २,७०० कोटी. सरकारी कंपनी हाती असती तर जादा विमाने सोडता आली असती, भाडे आवरता आले असते. त्याऐवजी इतर कंपन्यांनी भाडी आकाशाला भिडवल्यावर ६ डिसेंबरला कमाल मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० च्या पुढे १८,०००. बाजार आपली काळजी आपणच घेतो असे तीस वर्षे सांगणाऱ्यांना अखेर किंमत-नियंत्रणाच्या जुन्याच आयुधाकडे वळावे लागले.

संघटना आणि स्वस्ताई

कामगार संघटना आली की तिकीट महागते, हा प्रचार कार्यकर्त्यांच्या कानांवर येईल. त्याचे उत्तर स्वस्त विमानसेवेच्या जन्मदात्या कंपनीतच आहे. साउथवेस्टचे ८० टक्क्यांहून अधिक कर्मचारी संघटित आहेत. १९७३ पासून तिने कर्मचाऱ्यांना नफ्यात वाटा दिला आणि त्याच वर्षापासून २०१९ पर्यंत सलग ४७ वर्षे तिने नफा मिळवला. दहा मिनिटांत विमान सज्ज करणारे हात कामगारांचेच होते. ही कंपनी बिघडली ती वेगळ्या कारणांनी. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका लावणारी तिची यंत्रणा जुनाट झाली आहे, असा इशारा वैमानिकांची संघटना देत होती. तो मानला गेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तिची सोळा हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि पुढच्या वर्षी १४ कोटी डॉलरचा दंड बसला. २०२४ मध्ये एका गुंतवणूक निधीने तिचे भाग विकत घेऊन व्यवस्थापनाला वेठीस धरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या इतिहासातली पहिली मोठी नोकरकपात जाहीर झाली आणि मे महिन्यात सामानावर शुल्क आले. कामगारांनी पन्नास वर्षे जे घडवले, ते वित्त-भांडवलाने वर्षभरात उलटे फिरवले.

विश्रांती किती महाग पडते, याचा साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, जादा वैमानिक नेमल्यामुळे प्रत्येक उड्डाणामागे दहा हजार रुपये खर्च वाढला. १८० आसनांच्या विमानात ८५ टक्के आसने भरली तर १५३ प्रवासी होतात. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६५ रुपये येतात. विमानात मिळणाऱ्या चहाच्या पेल्याला याहून अधिक मोजणारा प्रवासी, जागा वैमानिक हवा म्हणून एवढे द्यायला नाकारील काय?

मागण्या

या विवेचनातून पक्षाने पुढील मागण्या धसास लावाव्यात. पहिली, विश्रांतीचे नियम संसदेच्या कायद्यात यावेत आणि कंपनीच्या सोयीसाठी त्यांतून सूट देण्याचा अधिकार कोणालाही नसावा. दुसरी, राखीव वैमानिक आणि कर्मचारी किती असावेत ही परवान्याची अट व्हावी. तेवढी माणसे नसतील तर नवी उड्डाणे मंजूर होऊ नयेत. तिसरी, गर्दीच्या विमानतळांवरील उड्डाणवेळांत एका कंपनीच्या वाट्याला मर्यादा असावी. चौथी, अद्याप सरकारी मालकीच्या असलेल्या अलायन्स एअरला विमाने आणि भांडवल द्यावे. सर्व मार्गांवर तिने धावण्याची गरज नाही. काही मार्गांवर वाजवी भाड्याने ती धावली तरी खासगी कंपन्यांच्या भाड्याला मापदंड मिळेल, आणि अनुदान संपल्यावर ज्या गावांना वाऱ्यावर सोडले जाते त्यांचाही आधार टिकेल. अर्थात तिची सूत्रे मंत्र्यांच्या मर्जीवर न सोपवता तिच्या मंडळावर कर्मचाऱ्यांचे आणि प्रवाशांचे प्रतिनिधी असले पाहिजेत, अन्यथा जुने दोष परत येतील. पाचवी, विमान कंपनी बुडाल्यास भाडेपट्टीवाल्याने विमान नेण्यापूर्वी कर्मचाऱ्यांचा थकीत पगार चुकता व्हावा.

केवळ ठराव करून या मागण्या पदरात पडणार नाहीत. विमानतळावर वैमानिकांपेक्षा कितीतरी अधिक माणसे सामान चढवतात, विमान झाडतात, शिड्या लावतात, प्रवाशांच्या शिव्या खातात. त्यांतले अनेक कंत्राटदाराकडे आहेत. डिसेंबरच्या त्या आठवड्यात संतप्त प्रवाशांसमोर उभे राहिले ते कंपनीचे संचालक नव्हते, काउंटरवरची ही मुले-मुली होती. मुंबई, नवी मुंबई, पुणे, नागपूर येथील कार्यकर्त्यांनी त्यांच्या वस्त्यांत जावे, त्यांचे कामाचे तास विचारावेत, त्यांची नावे नोंदवावीत. वैमानिकाला न्यायालय परवडले. त्यांना ते परवडणारे नाही. त्यांच्यासाठी संघटना हाच कायदा आहे, आणि ती उभारण्याचे काम पक्षाचे आहे.